रुमेगूंचा उलटा पाव

आमच्या व्हर्नोलमध्ये पाहण्यासारखं काही नाही, म्हणून मेयरने संग्रहालय काढलं. पूर्वी मोटारवाले न थांबताच पुढे जायचे. आता थांबतात, आत एक चक्कर मारतात आणि थांबल्याचा पश्चात्ताप तोंडावर घेऊन पुढे जातात. गावाची प्रगती म्हणायची ती एवढीच.

संग्रहालय एव्हारिस्त मालबॉस्क नावाच्या चित्रकाराचं. दीडशे वर्षांपूर्वीचा हा गृहस्थ आमच्याच गावचा. मोठा चित्रकार होतो म्हणून पॅरिसला गेला आणि जेवढा गेला तेवढाच परत आला. गायी बऱ्या काढायचा. त्याच्या गायींच्या डोळ्यांत जी अक्कल दिसते ती त्याच्या माणसांच्या डोळ्यांत दिसत नाही. पण व्हर्नोलची माणसं पाहिली की यात त्याची चूक होती असं म्हणवत नाही. संग्रहालयाच्या दोनच खोल्या. पहिल्या खोलीत काचेच्या पेटीत त्याची टोपी, त्याची छत्री आणि त्याची कवळी. कवळीखाली पितळी पाटी आहे. हयात असताना या माणसाच्या कुठल्या चित्राला पितळी पाटी मिळाली नाही, मेल्यावर दातांना मिळाली.

या संग्रहालयाच्या बरोब्बर समोर, चौकाच्या दुसऱ्या बाजूला, ओगुस्ता रुमेगूचं घर. वय शहात्तर, लग्न नाही, पाठ ताठ. तिने आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीमागे नोकरी केली. त्या खिडकीतून तिला माणूस छातीपर्यंतच दिसायचा, त्यामुळे खाली उरलेला माणूस असतो यावर तिचा फारसा विश्वास नव्हता. पाकीट वजन करायला तिच्या हातात दिलं की ती आधी पाकिटाकडे, मग तुमच्याकडे बघायची, आणि दोघांत पाकीट जड भरलं असं तिच्या ओठांवरून कळायचं. डावा कोपरा किंचित वर जायचा. बस, तेवढंच. पण त्या कोपऱ्याने गावातली निम्मी माणसं आयुष्यभर पोस्टात जाताना केस विंचरून गेली.

निवृत्त झाल्यावर पोस्टाची खिडकी गेली, घराची आली. शेंगा सोलत ती तिथे बसायची आणि समोरच्या दारात शिरणाऱ्यांचा हिशोब मांजरापाशी करायची. "हे बघ, पावसाला भिऊन आलेत. आणि ही लाल कोटवाली शौचालय शोधत्येय. कलाप्रेमी एकसुद्धा नाही." मांजर डोळे मिटायचं. कुणालाही नावं ठेवताना तिला दम लागत नसे: मेयर हा टाय बांधलेला बटाटा, पाद्री तिसऱ्या रविवारी येणारा प्रवासी, आणि घरं विकत घेणारे हॉलंडवाले म्हणजे प्लास्टिकच्या खुर्च्या. पण सगळ्यांत तिखट तुच्छता तिने एकाच माणसासाठी राखून ठेवली होती. तो समोरच्या दारात निळा कोट घालून तिकिटं फाडायचा. त्याचं नाव आल्सिद रुमेगू. तिचा सख्खा धाकटा भाऊ.

दोघांत एकोणीस वर्षं शब्द नव्हता.

कारण सांगायचं तर पावापासून सुरुवात करावी लागते. आमच्याकडे पाव टेबलावर ठेवायचा तो बूड खाली, पाठ वर. बूड वर करून ठेवलेला पाव म्हणजे फाशी देणाऱ्याचा. जुन्या काळी बेकरीवाला त्याचा पाव तसा उलटा करून बाजूला ठेवायचा, दुसऱ्या कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून. फाशी देणारे गेले, त्यांना पोसणारे राजे गेले, पण आजही व्हर्नोलच्या कुठल्याही टेबलावर पाव उलटा पडला तर घास तोंडाशी थांबतो. कुणीतरी तो सरळ करतं, सुरीच्या टोकाने त्यावर क्रूस काढतं, मग बोलणं पुढे सुरू होतं.

आणि या मालबॉस्कच्या एकुलत्या एक बऱ्या चित्रात रुमेगूंचं घराणं जेवायला बसलं आहे, आणि टेबलावर पाव उलटा आहे.

रुमेगूंच्या घरात त्याची गोष्ट मुलांना पाठ असायची. दर वर्षी मृतांच्या दिवशी कबरींवर फुलं ठेवून आलं की ओगुस्ताचे वडील ती सांगायचे. एका हिवाळ्यात मालबॉस्कच्या घराचं छप्पर पडलं. पणजी व्हिक्तोरिन रुमेगूने त्याला घरात घेतलं, सूप वाढलं, वाइन दिली, चुलीजवळची जागा दिली. आणि या खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याने काय केलं? घरच्यांचं चित्र काढलं आणि त्यांच्यापुढे उलटा पाव रंगवला. हे फाशी देणाऱ्याचं घर आहे असं पॅरिसच्या भिंतीवर टांगून जगाला सांगितलं. मूळ चित्र तिकडेच राहिलं. गावात आली ती त्याची छापील प्रत, कॅफेत बाटल्यांच्या वर, विड्यांच्या धुराने पिवळी झालेली. तेवढ्याने काम झालं. रुमेगूंच्या शेतावर गारा पडल्या की गाव म्हणायचं, पाव उलटा ना. गाय गाभडली, पाव उलटा. आणि ओगुस्ता तेविशीत असताना शेजारच्या गावच्या खाटकाच्या मुलाने, गास्पारने, ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा त्याच्या आईने निरोप पाठवला की उलट्या पावाच्या घरातली सून आम्हाला नको. ओगुस्ताने तो निरोप उभ्याने ऐकला, आणि त्या दिवसापासून तिच्या आयुष्यात जे जे झालं नाही त्या सगळ्याचा धनी मालबॉस्क झाला.

मग मेयरने संग्रहालय काढलं. पॅरिसच्या कुठल्याशा तळघरातून ते चित्र वाजतगाजत गावात आलं. रखवालदार हवा होता. आल्सिदची लाकूड कापायच्या गिरणीतली नोकरी नुकतीच सुटली होती, बायको वारली होती, मुलगी शिकत होती. त्याने हो म्हटलं.

"एकदा येऊन बघ तरी," तो बहिणीला म्हणाला होता.

"मी थुंकायलासुद्धा यायची नाही तिथे."

दर रविवारी दुपारी तो तिच्याकडे जेवायला असायचा. त्या रविवारीही आला, नव्या निळ्या कोटात. कोंबडी भाजलेली होती. ओगुस्ताने पाव आणला, त्याच्या ताटापुढे ठेवला आणि शांतपणे बूड वर करून उलटा केला. आल्सिदने पावाकडे पाहिलं. बहिणीकडे पाहिलं. मग रुमाल नीट घडी करून ठेवला आणि निघून गेला. कोंबडी ओगुस्ताने एकटीने खाल्ली, तीन दिवस.

त्यानंतर चौकात समोरासमोर आले तरी दिव्याच्या खांबाशेजारून जावं तसे दोघं जायचे. कुणाच्या मयताला चर्चमध्ये दोन टोकांना बसायचे. गावाला सुरुवातीला मजा वाटली, मग सवय झाली. आमच्या गावाला कशाचीही सवय होते, मेयरचीसुद्धा झाली.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी ओगुस्ता पाव घ्यायला गेली तेव्हा बेकरीवाल्या रोझलिनने कागद गुंडाळता गुंडाळता विचारलं, "शनिवारी जाणार ना, मादमोझेल ओगुस्ता? भावाला निरोप द्यायला?"

"कुठला भाऊ?"

"अहो, असं काय करता! आल्सिद चाललाय तुलूझला. मुलीकडे, मिरेयकडे, कायमचा. घर विकलं त्यानं हॉलंडवाल्यांना. शनिवारी त्याचा संग्रहालयात शेवटचा दिवस. दोन वाजता मिरेय येणार गाडी घेऊन."

"हॉलंडवाल्यांना," ओगुस्ता म्हणाली. "म्हणजे त्या अंगणात आता प्लास्टिकच्या खुर्च्या येणार."

रोझलिनने आवाज खाली आणला. "परत यायचा नाही हो तो. छाती कशी वाजते त्याची, ऐकलीत का कधी?"

"मी लोकांच्या छातीला कान लावत नाही. पाव द्या. आणि करपलेला नको, काल दिलात तसा."

घरी येऊन तिने पाव बूड खाली ठेवला, क्रूस काढला आणि कडेचा कडक तुकडा स्वतःसाठी कापला. हा तुकडा तिचाच. लहानपणी वडील पाव कापायचे तेव्हा पहिला, कुरकुरीत, कडेचा तुकडा थोरलीला मिळायचा. आल्सिद टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून त्या तुकड्याकडे बघायचा आणि ती त्याच्याकडे बघत, मुद्दाम आवाज करत, तो खायची. नकटं व्हावं पण धाकटं होऊ नये म्हणतात ते उगीच नाही. त्या बुधवारी मात्र तो तुकडा तिच्या तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. तिने रोझलिनच्या भट्टीला नावं ठेवली. मग उरलेला पाव फडक्यात बांधून ठेवला आणि खिडकीत जाऊन बसली. समोर आल्सिद पायऱ्या झाडत होता. दोनतीन फटकारे मारून तो थांबायचा, झाडूवर रेलायचा, मग पुन्हा मारायचा.

"झाडता येत नाही धड," ती मांजराला म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. आपण का जाऊ नये याची कारणं तिच्याकडे भरपूर होती आणि एकही कमकुवत नव्हतं. पण तो गाडीत बसून गेला की समोरच्या दाराकडे बघून तुच्छ मानायला उरणार कोण? दुसऱ्या कुणावर ती एवढे कष्ट घेणार नव्हती, तेवढ्या लायकीचा गावात कुणी नव्हताच. शनिवारी तिने मयताला जाताना घालायचा काळा कोट चढवला. स्वतःला तिने सांगितलं की आपण भावाला भेटायला नाही, त्या हरामखोराचं चित्र एकदा डोळ्यांनी बघून त्याला तोंडावर शिवी द्यायला चाललो आहोत. पडलं तरी नाक वर. चौक ओलांडताना चारी बाजूंचे पडदे हलले आणि कॅफेतले दोघं पेले हातात घेऊन दारात आले.

दाराजवळच्या टेबलामागे आल्सिद बसला होता. बारीक झाला होता, निळा कोट खांद्यांवरून लोंबत होता. तिला पाहून त्याचा हात टेबलावर थांबला. मग त्याने घसा साफ केला आणि रोज सगळ्यांना म्हणायचा तेच म्हटलं.

"बोंजूर, मादाम."

"मादमोझेल," तिने सुधारलं. लग्न न झालेलीला आमच्याकडे मादाम म्हणत नाहीत.

"कुठून आलात? विचारावं लागतं. मेयरला कळवायचं असतं, पाहुणे कुठून कुठून येतात ते."

"समोरून."

त्याने ते लिहून घेतलं. "गावकऱ्यांना फुकट आहे."

"फुकटचं मी काही बघत नाही. तिकीट दे."

"पाच युरो."

"पाच! एक कवळी बघायचे पाच युरो?"

"छत्री पण आहे," आल्सिद म्हणाला.

एकोणीस वर्षांनी दोघांत झालेलं संभाषण ते हे. तिने नाणी टेबलावर आपटली. त्याने तिकीट फाडून दिलं आणि उठून तिच्या मागोमाग चालू लागला. नियम तसा नव्हता, पण आत दुसरे होते कोण? पॅरिसहून आलेलं एक जोडपं होतं फक्त. नवऱ्याचे बूट आमच्याकडच्या वासराच्या किमतीचे. तो टोपीच्या पेटीपुढे उभा राहून म्हणत होता, "किती साधेपणा आहे बघ यात!" बायको म्हणत होती, "हो ना," आणि शौचालयाची पाटी शोधत होती.

"टोपीत साधेपणा नसेल तर काय असणार?" ओगुस्ता मोठ्याने म्हणाली. "डोकं तर केव्हाच कुजलं."

नवरा दचकला आणि छत्रीकडे सरकला. आल्सिद मागे खोकला. खोकलाच होता की आणखी काही, तिने वळून पाहिलं नाही.

ती गायींपुढून गेली. उभी गाय, बसलेली गाय, पाण्यातली गाय. "ही बरी आहे," तिला बसलेलीबद्दल कबूल करावं लागलं. "फादर बेनेझेतसारखी दिसते." मग दुसरी खोली. तिथे लांबच्या भिंतीवर एकटंच ते चित्र होतं, आणि त्याच्यासमोर एक वेताची खुर्ची, बसून बसून मध्ये खोल गेलेली.

व्हर्नोलचं कुणीही त्या चित्रापुढे उभं राहिलं की डोळा थेट पावावर जातो आणि तिथेच चिकटतो. परक्या माणसाला चुलीचा उजेड दिसतो, सुपाची वाफ दिसते, चेहरे दिसतात. आम्हाला पाव दिसतो, आणि तो बघून झाला की आम्ही संतापून निघून जातो. ओगुस्तानेही पाव पाहिला. पांढरट, पिठाळलेलं बूड छताकडे केलेला मोठा गोल पाव. लहानपणापासून ऐकलेला, आता रंगांत समोर.

"पाहिलं," ती म्हणाली. "हरामखोर." आणि जायला वळली.

"पाव पाहिलास," आल्सिद म्हणाला. "आता टेबल बघ."

"टेबल काय बघायचं?"

"पाच युरो दिलेस ना? मग पाच युरोंचं बघ."

तिला पैसे वाया घालवायची सवय नव्हती. ती पुन्हा वळली. टेबल लांब होतं, चित्रात आतपर्यंत गेलेलं. टोकाला पणजोबा, हातात चमचा. दोन्ही बाजूंना मुलगे. खाली मान घातलेली मुलगी. प्रत्येकापुढे वाटी. आणि टेबलाच्या अलीकडच्या टोकाला, म्हणजे चित्र बघणाऱ्याच्या पोटाशी, आणखी एक वाटी होती. सूप भरलेलं होतं. चमचा होता. घडी केलेला रुमाल होता. माणूस नव्हता. कॅफेतल्या प्रतीत हा भाग कधीच दिसला नव्हता. प्रत चौकटीत बसेना म्हणून कुणीतरी तेवढी कडा आत दुमडून टाकली होती.

पाव घरातल्या कुणाच्या पुढे नव्हता. पाव त्या वाटीपुढे होता. त्यावर एक हात होता, पाव नुकताच उलटा करून अजून न उचललेला. प्रतीत तो धुराच्या पिवळ्या थरात बुडून गेला होता. हात व्हिक्तोरिनचा होता. ती टेबलावरून पुढे झुकली होती, चाळिशीतच साठीची दिसणारी, पाठ ताठ, आणि चित्रातून थेट बाहेर, त्या वाटीच्या धन्याकडे बघत होती.

"ही वाटी कुणाची?" आल्सिदने विचारलं.

ओगुस्ताने वाट्या मोजल्या. एवढ्या लोकांना वाढलेलं होतं आणि एकच माणूस चित्रात नव्हता. जो ते काढत होता तो.

आणि तिने व्हिक्तोरिनचा ओठ पाहिला. डावा कोपरा किंचित वर. हा ओठ तिला कुणी ओळखून द्यायची गरज नव्हती. सबंध नोकरीभर रोज सकाळी पोस्टात जायच्या आधी आरशात तिने तो नीट बसवून घेतला होता. त्या रविवारी कोंबडीसमोर तोच होता, आणि पाव उलटा केल्यावर हात असाच त्यावर राहिला होता, हेही तिला आठवलं. ती त्या खोल गेलेल्या खुर्चीत बसली.

"का केलं तिनं असं?" तिने विचारलं.

"कोण जाणे. हिवाळाभर फुकट खात असेल. पोरीकडे बघत असेल. किंवा काहीच नसेल. आपल्या घरात कारण लागतं कुठं?"

"पण बाबा तर सांगायचे..."

"बाबांनी काय पाहिलं होतं? कॅफेतलंच ना? आणि त्यांना सांगितलं आजोबांनी. आजोबा तेव्हा पाळण्यात, त्यांना तिनं. घरात घेतलेल्या माणसापुढे उलटा पाव ठेवला हे गावात सांगून तोंड कुठं दाखवणार होती ती? मग पाव त्यानं उलटा केला म्हणे. झालं. दीडशे वर्षं आपण त्या बिचाऱ्याला शिव्या घालतोय."

"बिचारा नको म्हणूस. भिकार चित्रकार होता."

"ते होताच," आल्सिदने मान्य केलं.

ती चित्राकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे गास्पारची आई..."

"गास्पार पावाला नाही भ्यायला, ओगुस्ता. त्याच्या आईला तू काय म्हणाली होतीस साखरपुड्याच्या जेवणात? तुमच्या सॉसेजमध्ये मांस कुठल्या बाजूला असतं म्हणून विचारलं होतंस."

"नव्हतंच मुळी त्यात मांस!"

"ते सगळ्यांनाच माहीत होतं. विचारलं तू एकटीनं."

एरवी या वाक्यावर तिने त्याला उभा चिरला असता. पण समोर व्हिक्तोरिन बसली होती, आणि तिच्यादेखत बोलायची सोय नव्हती. नावं ठेवायला आयुष्यभर एक माणूस हाताशी होता, टोपी-छत्रीसकट. तो असा अचानक काढून घेतल्यावर हातात उरलं काय, तर आपलाच हात. तिला लाज वाटली. लाज ही गोष्ट तिला माहीत होती, पण नेहमी दुसऱ्यांची.

"तू सांगितलं का नाहीस मला?"

"ये म्हटलं होतं की."

"नुसतं ये म्हटल्यावर कोण येतं?"

"आणि सांगितलं असतं तर? पगार खातो म्हणून त्याची बाजू घेतो, असंच म्हणाली असतीस."

शब्द न् शब्द तिने तेच म्हटलं असतं. आल्सिद भिंतीला टेकला, त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. "या खुर्चीत बसून रोज तिचं तोंड बघितलं मी. दाराशी गेलो की समोर खिडकीत तू, आत आलो की ही. काही दिवस वाटायचं, गिरणीतच बोट कापून घेतलं असतं तर बरं झालं असतं."

चर्चची बाराची घंटा झाली. बारा म्हणजे बारा. आमच्याकडे जेवणाच्या वेळी आग लागली तरी ती दोनपर्यंत थांबते. आल्सिदने पहिल्या खोलीत जाऊन पॅरिसच्या जोडप्याला बाहेर काढलं. "आम्ही आत्ताच तर गायींपाशी आलोय," नवरा म्हणत होता. "गायी कुठं जात नाहीत, मोसिए," असं म्हणून त्याने दार लावलं आणि किल्ली फिरवली. ओगुस्ता आतच राहिली. तिला जा असं त्याने म्हटलं नाही, राहा असंही नाही.

जिन्याखाली त्याचं जेवायचं टेबल होतं, एका माणसापुरतं. त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिच्यासाठी पलीकडे ठेवलं. पिशवीतून चीजचा तुकडा काढला, सुकवलेल्या सॉसेजचा दांडका, वाइनची अर्धी बाटली, सुरी. शेवटी फडक्यातून पाव काढला. मोठा, गोल. तो त्याने तिच्या पुढ्यात ठेवला आणि सावकाश, बूड वर करून, उलटा केला. हात त्यावरच ठेवला आणि तिच्याकडे बघितलं.

तो चिडलेला नव्हता. त्याचे डोळे पाणावलेले होते. पण हात त्याने काढला नाही.

ओगुस्ताच्या मानेपर्यंत रक्त चढलं. पर्स मांडीवर होती, कोट अंगावर होता, किल्ली दारालाच होती. तिच्यापुढे आजवर कुणी पाव उलटा ठेवला नव्हता. ठेवणारी तीच, तिची पणजी, तिचं घर. आणि ज्यांच्यापुढे ठेवला ते सगळे उठून गेले. मालबॉस्क सूप टाकून गेला असणार. आल्सिद रुमालाची घडी करून गेला. असं बसून बघताना कसं वाटतं हे रुमेगूंपैकी दोघांनाच ठाऊक झालं होतं, आणि ते दोघं आत्ता जिन्याखाली बसले होते. दोन वाजता मिरेय येणार होती.

ती उठली नाही. तिने भावाचं मनगट धरून त्याचा हात पावावरून बाजूला केला. मनगट काटकीसारखं लागलं. मग दोन्ही हातांनी पाव उचलला आणि बूड खाली करून ठेवला. सुरी घेतली, टोकाने त्यावर क्रूस काढला, पाव छातीशी धरला आणि आपल्या वडिलांसारखी सुरी स्वतःकडे ओढत पहिला तुकडा कापला. कडेचा, कडक, कुरकुरीत.

आल्सिदने तिच्याकडे पाहिलं, मग तुकड्याकडे.

"घे," ती म्हणाली आणि तो त्याच्यापुढे ठेवला. "तुझ्या दातांना झेपायचा नाही म्हणा. वाइनमध्ये बुडवून खा."

त्याने वाइनमध्ये बुडवला नाही. तसाच तोंडात घातला आणि हळूहळू, मुद्दाम आवाज करत, चावत राहिला, आणि ओगुस्ता टेबलाच्या पलीकडून त्याच्याकडे बघत बसली.